सेल्टिक क्रॉसवरचं कडं आलं कुठून?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पुण्यातल्या एका जुन्या इंग्रजी दफनभूमीत तुम्हाला गोल कडं असलेला उंच दगडी क्रूस, म्हणजे सेल्टिक क्रॉस, दिसला. बरोबरच्या मार्गदर्शकानं सांगितलं, की आयर्लंडचे लोक सूर्याची पूजा करायचे, म्हणून तिथे ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकनं सूर्य आणि क्रूस एकत्र केले. घरी येऊन शोधलं तर दुसरीकडे वाचायला मिळालं, की हे युरोपातल्या वर्णद्वेष्ट्यांचं चिन्ह आहे. यातलं खरं काय?

पॅट्रिकची गोष्ट खरी नाही. सूर्याची गोष्ट मार्गदर्शकानं सांगितली त्या अर्थानं खरी नाही, वेगळ्या अर्थानं थोडी आहे. वर्णद्वेषाच्या बाबतीत आकार सारखा असला तरी वस्तू वेगळी आहे. मी जुन्या दगडी स्मारकांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्यामुळे कोणत्याही शिल्पापुढे माझी नजर आधी सांध्यांवर आणि तड्यांवर जाते, अर्थाकडे नंतर. या क्रुसाच्या बाबतीत ती सवय उपयोगी पडते, कारण कड्याचा वाद निम्मा दगडातच सुटतो.

पॅट्रिक पाचव्या शतकातला. त्याचं स्वतःचं लॅटिन निवेदन आज उपलब्ध आहे आणि त्याच्या शेवटाकडे सूर्याचा उल्लेखही आहे. तो म्हणतो, की आपल्याला दिसणारा हा सूर्य देवाच्या आज्ञेनं रोज उगवतो, पण त्याचं राज्य कधी येणार नाही, आणि त्याची पूजा करणाऱ्यांचं वाईट होईल. आपण मात्र ख्रिस्त या खऱ्या सूर्याला मानतो. ज्या माणसानं हे लिहिलं त्यानं लोकांना खूश करायला सूर्याची प्रतिमा क्रुसावर चढवली, हे गळी उतरणं कठीण. शिवाय काळाचा मेळ बसत नाही. कड्याचे मोठे दगडी क्रूस आठव्या शतकापासून दिसतात, म्हणजे पॅट्रिकनंतर किमान तीनशे वर्षांनी. पॅट्रिकनं असं काही केल्याचं त्या काळातल्या एकाही लिखाणात नाही.

सूर्यवाले लोक यावर पुरावा म्हणून आणखी जुन्या वस्तू दाखवतात, आणि त्या वस्तू खऱ्या आहेत. काउंटी मोनाहनमध्ये टेडाव्हनेटला सापडलेल्या सोन्याच्या पातळ चकत्या डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या, गोल, आणि मधोमध फुलीसारखी नक्षी. फोटो पाहून कुणालाही वाटेल, हाच तो क्रूस. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात, हातात चाक घेतलेला देवही होता. पण टेडाव्हनेटच्या चकत्या आणि आठव्या शतकातले क्रूस यांच्यात पावणेतीन हजार वर्षांचं अंतर आहे, आणि ते भरून काढणारी साखळी कुणीही दाखवलेली नाही. वर्तुळात फुली हा आकार जगात कुठेही, कुणीही, केव्हाही काढतो. परकार हाती आला की पहिल्या पाच मिनिटांत मूल तो काढतंच. आकार सारखा दिसला एवढ्यावर वंशावळ ठरत नाही.

मग वर्तुळ आलं कुठून? इथे मला सर्वांत भक्कम वाटणारा धागा रोमकडे जातो. सम्राट कॉन्स्टंटाइननंतर चौथ्या शतकात ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं, खी आणि ऱ्हो, एकमेकांत गुंफून काढायची रीत पसरली. ही जोडाक्षरं बहुतेक वेळा एका माळेत बसवलेली असत. ती माळ साधी नव्हे. विजयी सेनापतीला मिळणारी लॉरेलच्या पानांची माळ. रोममधल्या त्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर क्रुसाच्या माथ्यावर अशी माळ कोरलेली आहे, आत खी-ऱ्हो. सांगायचं ते उघड आहे: ज्या क्रुसावर मारलं, तोच जिंकल्याची खूण झाला.

आता हेच चिन्ह उत्तरेकडे सरकताना पाहा. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, गॅलोवे भागातल्या कर्कमॅड्रिनला सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या दगडी शिळा आहेत. त्यांवर लॅटिन मजकूर आहे आणि वर वर्तुळातला खी-ऱ्हो. माळेची पानं गळून नुसतं वर्तुळ उरलंय, आणि ऱ्होचा वळलेला शेंडा इतका बारीक झालाय, की दुरून सरळ वर्तुळातला क्रूसच वाटतो. पुढे आयर्लंडमध्ये, काउंटी केरीतल्या रीस्क इथल्या उभ्या दगडावर परकारानं काढलेला, वर्तुळात बसवलेला समान हातांचा क्रूस दिसतो. पाय खाली लांब वाढवला, दगडाच्या पाटीवरून उचलून मोकळा उभा केला, की तुमचा सेल्टिक क्रॉस जवळजवळ तयार. या प्रवासातली एकेक शिळा आज हात लावून पाहता येते. सूर्याच्या गोष्टीला असे मुक्काम नाहीत.

आणखीही उमेदवार आहेत. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या कापडावर वर्तुळाकार माथ्याचा रत्नजडित क्रूस विणलेला सापडला आहे, आणि आयरिश मठांवर इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांचा पगडा होता हे खरंच आहे. कुणी जेरुसलेममधल्या गोल्गथा टेकडीवर उभ्या केलेल्या रत्नजडित क्रुसाकडे बोट दाखवतं. कुणी ख्रिस्ताच्या डोक्यामागच्या, आत फुली असलेल्या तेजोवलयाकडे. मला हे सगळे एकाच कुळातले वाटतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या ख्रिस्ती जगात गौरवाचा क्रूस वलयात दाखवायची पद्धत होती, ती अनेक वाटांनी बेटांवर पोचली. नेमकी एकच वाट शोधायचा हट्ट मला निरर्थक वाटतो.

पण हे सगळं चित्रातलं वर्तुळ झालं. दगडाचं, आरपार भोकं असलेलं, हात आणि खांब यांना बांधून ठेवणारं कडं हा वेगळा मामला. त्यासाठी स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आयोना बेटावर जावं लागतं.

संत कोलंबानं सहाव्या शतकात तिथे मठ काढला. इ.स. ७००च्या सुमारास त्याच मठाचा प्रमुख अ‍ॅडम्नान याने कोलंबाचं चरित्र लिहिलं. त्यात एके ठिकाणी येतं, की म्हातारा कोलंबा वाटेत दमून बसला, तिथे पुढे जात्याच्या तळीत रोवलेला क्रूस उभा केला आणि तो आजही दिसतो. जात्याच्या भोकात मावणारा क्रूस म्हणजे बहुधा लाकडाचा. दगडी क्रुसांच्या आधी लाकडाचे होते, आणि ज्यांनी पुढे दगड घडवला त्यांचे हात सुतारकामाला सरावलेले होते, हे ध्यानात ठेवा.

कारण आयोनाचा संत जॉनचा क्रूस म्हणजे दगडात केलेलं सुतारकामच. आठव्या शतकातला. एकसंध नाही, अनेक तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारं टोक. आडवे हात मिळून पसारा दोन मीटरांहून जास्त, आणि बेटावर अटलांटिकचा वारा. आता दगडाचा हिशेब पाहा. खांबातून बाहेर आलेला हात म्हणजे छज्जा. स्वतःच्या वजनानं तो खाली झुकू पाहतो, तेव्हा मुळाशी वरच्या अंगाला ताण येतो आणि खालच्या अंगाला दाब. दगड दाब मुकाट सोसतो, ताणाला मात्र तडकतो. त्यात तो सांध्याचा दगड. हा क्रूस उभा केल्यावर लवकरच दगा देऊ लागला आणि मग हात तोलायला कड्याचे चार चतकोर नंतर बसवले, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे दगडी कड्याचा पहिला नमुना कदाचित दुरुस्ती म्हणून जन्मला. विसाव्या शतकात तो जोडून पुन्हा उभा केला, तर वाऱ्यानं पुन्हा पाडला. शेवटी १९७० साली जागेवर काँक्रीटची प्रतिकृती बसवली. मूळ तुकडे आता मठाच्या संग्रहालयात उभे आहेत, अर्थात आत, वाऱ्यापासून लांब.

त्याच्या शेजारचा संत मार्टिनचा क्रूस पाहिला, की धडा कसा शिकला गेला ते कळतं. तो एकाच दगडाचा, चार मीटरांहून उंच, हात आखूड, कडं अंगातच घडवलेलं. बाराशे वर्षांहून अधिक काळ तो जागेवर उभा आहे. त्याच्या एका बाजूला बायबलमधली चित्रं: बाळाला घेतलेली मरिया, सिंहांमधला दानिएल, अब्राहाम आणि इसहाक. दुसरीकडे गोल उंचवट्यांभोवती वेटोळे घातलेले साप. साप कात टाकतो म्हणून तो पुनरुत्थानाची खूण, असं त्या काळचे ख्रिस्ती लेखक मानत. आपल्याकडच्या माणसाला हे चटकन पटतं, इंग्रज पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं.

तर मग कडं म्हणजे फक्त आधार, वाद मिटला? माझ्या व्यवसायातले बरेच जण इथेच थांबतात, आणि इथेच माझं त्यांच्याशी जमत नाही. खालचे दोन चतकोर हाताला खालून टेकू देतात, हे मान्य. वरचे दोन काय करतात? त्यांनी हात वर ओढून धरायचा तर त्यांना ताण घ्यावा लागेल, आणि ताण दगडाला जमत नाही हे आपण आत्ताच पाहिलं. केवळ आधार हवा असता तर कोणताही शहाणा पाथरवट खालचे दोन लावून थांबला असता. अर्धी मेहनत वाचली असती. शिवाय एकाच दगडाच्या, आखूड हातांच्या लहान क्रुसांनाही कडं आहे, तिथे त्याची गरजच नाही. काही क्रुसांवर तर चतकोरांमधली भोकं पाडलेलीच नाहीत. कडं नुसतं उठावात दाखवलंय.

काउंटी टिपरेरीतल्या कॅशेलच्या खडकावरचा बाराव्या शतकातला क्रूस या बाबतीत बोलका आहे. त्याला कडं नाही. पण हातांना खालून आधार द्यायला खांबाच्या दोन बाजूंनी दोन उभे दगडी दांडे होते. त्यांतला एक उरला आहे. याच काळात आयरिश चर्चमध्ये सुधारणेचं वारं आलं होतं, युरोपच्या मुख्य भूमीवरची शैली आली होती, आणि काउंटी क्लेअरमधल्या डायसर्ट ओडेच्या क्रुसासारखे बिनकड्याचे क्रूस घडू लागले होते. पद्धत बदलली तेव्हा कडं गेलं, आणि आधाराची गरज उरली तिथे आधार वेगळा दिला गेला. म्हणजे घडवणाऱ्यांच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या होत्या.

म्हणून माझं मत असं: वर्तुळ रोमच्या विजयमाळेतून आलं आणि आधीपासून ओळखीचं, पूज्य होतं. आयोनासारख्या ठिकाणी हात पडू लागले तेव्हा कारागिरांना आधार हवा होता, आणि हाताशी असलेल्या सगळ्या आकारांतून त्यांनी तोच निवडला, कारण त्याला अर्थ होता. वरचे दोन चतकोर त्या अर्थासाठी आहेत.

धातूचाही यात वाटा आहे. टिपरेरीतल्याच अहेनी गावचे दोन क्रूस पाहा. चित्रं जवळजवळ नाहीत. सगळं अंग जाळीदार गुंफणीनं भरलेलं, कडेला पिळाच्या दोरीची नक्षी, आणि हात व खांब जुळतात तिथे मोठे गोल उंचवटे. लाकडी क्रुसाला कांशाचे पत्रे मढवले, की पत्रे ठोकून बसवायला खिळ्यांची मोठी डोकी लागतात. ती डोकीच इथे दगडात उतरली आहेत. काहीही धरून न ठेवणारे दगडी खिळे! घडवणाऱ्याला ठाऊक होतं, की मठातल्या वेदीवरचा झळझळता क्रूस लोकांना माहीत आहे, आणि बाहेरच्या दगडानं त्याची आठवण करून द्यायला हवी.

आता प्रतीकाकडे. त्यासाठी मी मॉनस्टरबॉइसला जायला सांगेन, काउंटी लाउथमध्ये, डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावर. तिथला म्युरेडाखचा क्रूस साडेपाच मीटरांच्या आसपास उंच आहे आणि अजून उघड्यावर उभा आहे. पायथ्याला दोन मांजरांच्या वर जुन्या आयरिश भाषेत कोरलंय, की ज्यानं हा क्रूस करवला त्या म्युरेडाखसाठी प्रार्थना करा. तो बहुतेक ९२३ साली वारलेला मठप्रमुख असावा. पश्चिमेकडे कड्याच्या मधोमध क्रुसावर खिळलेला ख्रिस्त. पूर्वेकडे त्याच जागी, त्याच कड्यात, शेवटच्या दिवशी न्याय करणारा ख्रिस्त; एका हाताला तरून जाणारे, दुसऱ्या हाताला सैतान ज्यांना ढकलत नेतोय ते. खाली देवदूत मायकेल तराजूत आत्मा तोलतोय आणि खाली पडलेला सैतान काठीनं पारडं ओढायचा प्रयत्न करतोय. त्याच्याखाली बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, मोशे, दावीद आणि गल्याथ, आणि अगदी तळाशी आदाम-हव्वा व काइन-हाबेल. शेंड्यावर उतरत्या छपराचं छोटं देऊळ.

म्हणजे एकाच वर्तुळाच्या एका बाजूला मृत्यू, दुसऱ्या बाजूला राज्य. मला वाटतं, कड्याचा अर्थ कुठे वाचायचा असेल तर तो इथे आहे. जगाच्या आरंभापासून अंतापर्यंतची गोष्ट खांबावर चढत जाते आणि वलयात येऊन थांबते. ते वलय माळ आहे, तेज आहे, आकाशाचा गोलही आहे. एक अर्थ घेतला म्हणून दुसरा टाकावा लागत नाही. आणि उगवतीकडे तोंड करून असलेल्या त्या न्यायाधीशात पॅट्रिकचा ‘खरा सूर्य’ पाहायचा असेल तर खुशाल पाहा. सूर्य या चिन्हात आहे तो असा. सूर्यपूजेतून नव्हे, ख्रिस्ताच्या वर्णनातून.

दुकानातल्या लॉकेटबरोबर जो कागद मिळतो, त्यात गाठींची नक्षी म्हणजे अनंत जीवन, चार हात म्हणजे चार तत्त्वं, कडं म्हणजे शाश्वतता, असं छापलेलं असतं. त्यातलं काहीही त्या शतकांतल्या कुणी लिहून ठेवलेलं नाही. गुंफणीची नक्षी तर इंग्लंडच्या सॅक्सनांकडे, इटलीत आणि इजिप्तमध्येही होती. कडंही सेल्टिक भाषा बोलणाऱ्यांची मक्तेदारी नव्हती. उत्तर इंग्लंडमध्ये गॉसफर्थला दहाव्या शतकातला कड्याचा क्रूस आहे, आणि त्यावर ख्रिस्ताच्या शेजारी नॉर्स देवांच्या अंताच्या कथा कोरल्या आहेत.

या क्रुसाला राष्ट्राची खूण केलं ते एकोणिसाव्या शतकानं. १८५३च्या डब्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात जुन्या क्रुसांचे प्लास्टरचे साचे मांडले गेले, चित्रांचे ग्रंथ निघाले, आणि दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आयर्लंडला अभिमानानं दाखवता येईल असं काहीतरी सापडलं. दफनभूमींत तो झपाट्यानं पसरला. कॅथॉलिकांनी घेतला, प्रोटेस्टंटांनीही घेतला, स्कॉटलंडमध्ये आणि वेल्समध्येही. ब्रिटिश फौजेत आयरिश आणि स्कॉटिश शिपाई, अधिकारी मोठ्या संख्येनं होते, आणि त्यांच्याबरोबर तो आपल्याकडच्या छावण्यांच्या दफनभूमींत आला. पहिल्या महायुद्धात आयरिश सैनिकांनी १९१७ साली फ्रान्समधल्या गिन्शी गावाजवळ आपल्या मृतांसाठी एल्मच्या लाकडाचा कड्याचा क्रूस उभा केला होता. पुढे त्याची जागा जवळच्या गिलमाँ गावातल्या ग्रॅनाइटच्या क्रुसानं घेतली आणि लाकडाचा डब्लिनला आणून ठेवला.

वर्णद्वेष्ट्यांचं प्रकरण याहून नवं. फ्रान्समध्ये १९४९ साली स्थापन झालेल्या ‘जन नॅस्यों’ या कडव्या उजव्या संघटनेनं वर्तुळातली समान हातांची फुली आपलं चिन्ह केलं, आणि तिथून ते युरोपभर तसल्या गटांत फिरलं. जर्मनीत एका बंदी घातलेल्या गटाचं ते चिन्ह होतं. २००८ साली तिथल्या सर्वोच्च फेडरल न्यायालयानं ठरवलं, की त्या गटाचा संदर्भ नसला तरी ते शैलीबद्ध रूप जाहीरपणे वापरणं गुन्हा ठरू शकतं. ओळखायचं कसं? त्यांचा क्रूस सपाट असतो, जाड रेघांचा, चारी हात सारखे आणि आखूड, नक्षी नाही, पाय नाही. झेंड्यावर किंवा भिंतीवर फवारलेला. थडग्यावरचा, चर्चमधला, लांब पायाचा नक्षीदार क्रूस पाहून कुणी दचकायचं कारण नाही. गोंदवून घ्यायचा विचार असेल आणि जर्मनीत राहायला जाणार असाल, तर मात्र साधं गोल-फुलीचं रूप टाळा. भविष्य सांगायला वापरतात त्या टॅरो पत्त्यांची ‘सेल्टिक क्रॉस’ मांडणी हा आणखी एक घोळ: तिला हे नाव १९१० साली लंडनमध्ये छापलेल्या एका मार्गदर्शिकेतून मिळालं, आणि जुन्या सेल्टिक लोकांचा तिच्याशी काही संबंध नाही.

तुम्ही पाहिलेल्या क्रुसाकडे पुन्हा जाणार असाल तर तीन गोष्टी पाहा. कड्यातली भोकं आरपार आहेत की नुसती कोरलेली. दगड इथला काळा आहे, की बाहेरून आणलेला संगमरवर किंवा ग्रॅनाइट. बाहेरचा असेल तर तळाशी कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असण्याची शक्यता आहे. आणि मृत्यूचं साल. १८६० नंतरचं असेल तर तो त्या लाटेतला, काही नवल नाही. १८५०च्या आधीचं निघालं, तर एक फोटो जरूर पाठवा, कडं स्पष्ट दिसेल असा, शक्यतो सकाळच्या तिरक्या उन्हात काढलेला.